लॉग टेबल दोघींचं

ऐका ना, लॉग टेबल एकटीनं वापरायचंच नसतं! म्हणजे वापरता येतं, पण मजा नाही. एकीनं पुस्तकात बोट ठेवून आकडा वाचायचा, दुसरीनं जर्नलमध्ये लिहायचा. पालघरच्या कॉलेजात अकरावी-बारावीची दोन वर्षं आमचं असंच चाललं. वाचायचे मी, लिहायची ती.

ती तारापूरकडच्या मच्छीमारांच्या गावातली. मी सरावलीची. वडील कारखान्यात, आम्ही मूळ साताऱ्याकडचे. माझं बोलणं ऐकून वर्गातल्या बाकीच्या मुली हसायच्या, म्हणून मी गप्पच असायचे. अख्ख्या दिवसात माझा आवाज निघायचा तो फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला.

"शून्य पॉइंट तीन शून्य एक शून्य," मी सुटायचे.

"हळू गं, तुजी गाडी सुटते काय?"

बेरीज झाली की अँटीलॉगची पानं. त्याला ती आंटी म्हणायची. "चल, आता आंटीला इचार!" आणि आम्ही दोघी फिदीफिदी. सर ओरडायचे.

बारावीपर्यंत कॅल्क्युलेटर दिसला की हेच सर काढून घ्यायचे. एफवायला गेलो आणि तेच म्हणाले, "लॉग कसले काढत बसता? कॅल्क्युलेटर आणा." तिचा भाऊ बोटीवर नोकरीला, त्यानं लगेच आणला. झाकण सरकवलं की आत साइन, कॉस, लॉग, सगळी बटणं! मला पण भारी वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण पहिल्याच प्रॅक्टिकलला ती एकटीच टकटक करत बसली. मी म्हटलं, "मी रीडिंग वाचते, तू दाब."

"वाचतेस कशाला? समोर लिवलंय की."

"चुकशील."

"मशीन हाय ते. नाय चुकत."

झालं पण तिचं! तिनं कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला, अगदी प्रेमानं. "घे, तू पन कर. उद्या दे." आणि दप्तर उचलून गेली. आधी आम्ही शिपाई दिवे बंद करायला आला की उठायचो.

मी आकडे दाबायला लागले. दाबताना मोठ्यानं वाचतेय, हे मला कळलंच नाही. पलीकडच्या टेबलावरच्या मुलानं मान वर केली. "कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही," म्हटलं, आणि उरलेले आकडे तोंड मिटून दाबले. उत्तर तिच्याएवढंच आलं.