सड्यावरचं खुरटं रान

लढाईच्या वर्षांत आमच्या जंगल खात्याकडे लाकडाची सारखी मागणी असे. कोयनेकाठच्या सरकारी रानात तोड सुरू व्हायची होती. त्याआधी रेंजरसाहेबांनी आम्हा दोघा गार्डांना एक काम दिलं. रानाचा जो भाग खरोखर जुना, कुऱ्हाड न लागलेला असेल, तो हुडकून लिहून द्यायचा. तेवढा राखायचा, बाकीचा तुटणार.

मी सांगलीचा, सातवी पास, हातात मोजायची फीत. जोडीदार तिथल्याच डोंगरातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, अक्षरशत्रू. तो वहाणा काढून रानात शिरायचा. पाय घोट्यापर्यंत पाचोळ्यात रुतले की म्हणायचा, "हे जुनं हाय." माझी फीत झाडाभोवती फिरेपर्यंत साहेब त्याच्यामागून पुढे गेलेले असत. मला त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. घरी जेवतानासुद्धा मी बायकोला त्याच्याच कागाळ्या सांगायचो.

डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावर, सड्यावर, गेलो त्या दिवशी साहेब सोबत नव्हते. तिथे कातळावर अंजनीची झाडं होती, बुंधे जेमतेम मांडीएवढे. त्यांना त्याने हात जोडले.

"वाऱ्यानं खुरटल्यात गड्या, पर वय लय हाय त्यांचं. माझ्या आज्यानं बी अशीच बघितल्यात. लिव्ह."

लिहिणं तेवढं माझ्या हातात होतं. 'कोवळं रान, घेर कमी' असं मी लिहिलं. त्याला वाचून दाखवताना मात्र तो म्हणाला तेच वाचलं. त्याने खुशीत अंगठा उठवला.

महिन्याभरात सडा बोडका झाला. गावची म्हातारी माणसं साहेबांकडे रडत गेली. साहेबांनी आम्हाला बोलावून कागद वाचला आणि विचारलं, "हे रान कोवळं कोण म्हणालं?"

जोडीदाराने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. मग म्हणाला, "अंगठा माझा हाय, सायेब. ह्याला रानातलं काय कळतंय?"

त्याची नोकरी गेली, माझी राहिली. मी तोंड उघडलं नाही. लाज पुढे पुष्कळ वाटली, पण त्या घडीला मला आधी रागच आला. साहेब अजूनही त्याचंच ऐकत होते.