सुई चालायची, हात चालायचा नाही

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला निरोप द्यायला घरून नाही, ड्यूटीवरून आली. रामनगरच्या स्टँडवर बेळगावची गाडी लागली होती. दिग्गीकडच्या एका वाडीत बाळंतपण उरकून ती मिळेल त्या जीपनं उतरली होती. साडीच्या काठाला चिखल, डोळे तांबारलेले. मला कुंकू लावायला तिनं हात पुढं केला, तोच थोरल्या काकांनी मध्ये छत्री आडवी धरली.

"अजून अंगूळ न्हाई तुजी. पोरगी चांगल्या कामाला निघालीया. हात लावू नको."

स्टँडवरची माणसं बघत होती. आईनं हात मागं घेतला. "पोचलीस की फोन कर. आन् जेव येळेवर," एवढंच म्हणाली. गाडी सुटली तेव्हा मला रडू आलं नाही, शिसारी आली. ती घेऊनच मी पुण्यात उतरले, आणि इतक्या वर्षांत ती तसूभरही कमी झालेली नाही.

आई गेल्यावर फॅमिली ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी शिफ्टला जाताना कॅबमध्ये वाचलं. 'त्यागमूर्ती', 'मायेचा सागर', पुढं हात जोडलेले. गावात राहिलात त्यांनी लिहिलं, आणि माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांनीही. म्हणून आता मी लिहिते आहे.

वडील गेले तेव्हा मी शाळेत होते, भाऊ अजून मांडीवर. आई उपकेंद्रात सरकारी नर्स. काका म्हणाले, "नोकरी सोड, घरात काय कमी हाय?" आई म्हणाली, "नोकरी माजी हाय. ती न्हाई सोडायची." तिनं खरंच सोडली नाही, आणि घरही सोडलं नाही. पहाटे उठून म्हशीची धार, सगळ्यांच्या भाकऱ्या, मग पिशवी खांद्याला लावून रानवाटेनं वाड्यावाड्यांत. लावणीला रजा टाकून चिखलात उभी राहायची. दोन्ही आत्यांची लग्नं तिनंच उभी केली. आत्या माहेरपणाला आल्या की तिच्या हातचंच मागायच्या.

पण ड्यूटीवरून आलेली आई त्या घराला चालत नव्हती. कुणाकुणाची बाळंतपणं करते, कुठल्या कुठल्या घरात शिरते, म्हणून तिची किळस यायची. तिनं गोठ्यामागं, उघड्यावर, शेणाच्या ढिगाशेजारी अंघोळ करायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. काकांना साखरेचा आजार. रोजचं इंजेक्शन आईनंच द्यायचं. ती यायची, ओसरीच्या कडेला टेकून काकांच्या दंडात सुई टोचायची, आणि मग गोठ्यामागं जायची. त्या हातची सुई चालायची. त्याच हातानं दिलेला पाण्याचा तांब्या चालत नव्हता.

"तू का ऐकून घेतेस?" मी एकदा ओरडले होते.

"अगं, अंगूळ तर करायचीच की. तेवढ्यासाठी भांडून वेगळं निघालो तर तुमची शाळा कोण बघंल?" ती म्हणाली आणि केस झटकत चुलीकडं गेली.

एका गणपतीला मी घरी असताना काकांच्या सुनेचे, सुनीता वहिनीचे, दिवस भरले. ओढा रस्त्यावर आलेला, जीप पुढं जाईना. आईनं वहिनीला माजघरात घेतलं. दुपार सरत आली तेव्हा मूल झालं, गळ्याला नाळेचा वेढा, निळं पडलेलं, रडेना. आई त्याचं तोंड पुसत होती, पाठ चोळत होती, स्वतःशीच पुटपुटत होती, "रड रं माज्या राजा, रड." ते रडलं तेव्हा तीही रडली. काकांनी लगेच साखर वाटायला घेतली. आई रक्ताळल्या हातांनी भिंतीला धरून बाहेर आली. काका साखरेची वाटी हातात घेऊन म्हणाले, "सुमन, गोठ्यामागं पाणी ठिवलंय."

त्यांच्याच नातवाचं रक्त होतं ते.

मी तिला पुण्याला आणलं. फ्लॅटमध्ये गीझर, लिफ्ट, सगळं होतं. थोडे दिवस राहिली आणि परत गेली. म्हणाली, "हितं मला कोण हाक मारत न्हाई." रिटायर झाल्यावरही वाड्यांवर जायची. मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

तेराव्याला दारात मांडव आणि आईच्या फोटोचा बॅनर. खाली काकांचा फोटो, तिच्याहून मोठा. माईक घेऊन ते म्हणाले, "आमच्या घरची लक्ष्मी. फुलागत जपली आमी तिला." दिग्गीकडून बायका चालत आल्या होत्या, आईनं बाळंतपणातून सोडवलेल्या पोरींना घेऊन. त्यांच्या पत्रावळ्या मांडल्या होत्या गोठ्यामागं. मी माझी पत्रावळ उचलली आणि त्यांच्यात जाऊन बसले.

काका आले. "आत चल. लोकं बघत्यात."

"बघू द्यात. फुलागत जपलं ते हितंच की, काका. माईकवर जागा पण सांगा."

ते काही बोलायच्या आत सुनीता वहिनी पोराचा हात धरून बाहेर आली, माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि वाढप्याला म्हणाली, "वाढा हितं." काका मांडवात परत गेले. ते माझ्याशी त्यानंतर बोललेले नाहीत. गोव्यातून आलेला भाऊ मात्र बोलला, "तमाशा कशाला केलास?"

वर्षश्राद्धाला मी काकांच्या घरी गेले नाही. सरळ दिग्गीला, शांतक्काकडं गेले. तिची चारही बाळंतपणं आईनं केलेली. तिनं मला चुलीपुढं पाट दिला, भात आणि माशाची आमटी वाढली. श्राद्धाला मासे कसे, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तीच म्हणाली, "नर्सक्काला ह्येच लागायचं. बाळंतीण सुटली की हितंच बसायची, ह्या पाटावर. दोनदा भात मागून घ्यायची. हसायची किती!"

दोनदा मागून जेवणारी, हसणारी आई मी आमच्या घरात कधी पाहिली नाही.

पुण्यात कुणी घर कुठलं विचारलं की मी आता दिग्गी म्हणते. तिथं आमची वीतभर जमीन नाही, नात्याचं कुणी नाही. पण आई तिथं भुकेली जायची आणि पोटभर जेवून उठायची.