वर्षाताईंनी उडवलेलं टेबल

आमच्या ऑफिसात माणसं चारच, पण किस्से विचारू नका! चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "अरे, ते टेबलवालं सांग ना!"

तर धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्याची वेबसाइट आमच्याकडे होती. पेशंटच्या अपॉइंटमेंटची यादी, आमच्या भाषेत 'टेबल', चुकीची बनली होती. मी डॉक्टरांना फोन केला, "सर, एक टेबल काढून नव्यानं बनवावं लागेल."

"बनवा ना! फक्त यावेळी पॉलिश चांगलं मारायला सांगा!"

*

आमच्या सीनियर वर्षाताई भलत्याच सावध. "आधी कॉपीवर चालवून पाहा, मग खऱ्यावर," हे दिवसातून चारदा ऐकवणार. त्या दुपारी टेबल त्यांनीच उडवलं अन् खुर्ची पुढे ओढून स्क्रीनला नाकच लावलं.

"ताई, कॉपीवरच चालवलं ना?"

"कॉपी तर एकदम व्यवस्थित आहे गा..."

*

कॉपीतली नावं सगळी खोटी, सरावापुरती; अन् बॅकअप मागच्या महिन्याचा निघाला. तरी ताईंनी दहा मिनिटांत नवं टेबल उभं केलं.

"कसं चालून राहिलं, ताई?"

"एकदम फास्ट! एकही पेशंट नाही ना त्यात!"

*

हसलो खरे, पण ताईंनी लगेच फोन उचलला. त्यांनी आधी डॉक्टरांना खरं सांगितलं. "उद्या एक जरी पेशंट परत गेला, तर काम दुसऱ्याला देईन," एवढं बोलून डॉक्टरांनी फोन ठेवला.

नशीब, पेशंटचे मोबाइल नंबर वेगळ्या टेबलात होते. आम्ही दोघं एकेकाला फोन करत सुटलो. जरीपटक्याच्या एका काकूंना मी विचारलं, "तुमची अपॉइंटमेंट कधीची होती?"

"नव्हतीच! पण तुम्ही एवढ्या आपुलकीनं विचारून राहिले, तर लिहा उद्याची!"

*

काटोलकडच्या एका आजोबांना ताईंनी सरळच सांगितलं, "आजोबा, तुमची वेळ माझ्या हातून पुसली गेली. उद्या या, मी स्वतः तिथं उभी राहते."

अन् खरंच राहिल्या! सकाळपासून दवाखान्याच्या दाराशी, हातात यादी घेऊन. लोक चिडत होते, ताई एकेकाची माफी मागत होत्या. दुपारपर्यंत चेहरा पार उतरला होता.

तेवढ्यात काठी टेकत आजोबा आले, बाकावर बसले. ताई पुढे झाल्या, "आजोबा, तुमची वेळ पुसणारी मीच."

आजोबांनी त्यांना खालून वर पाहिलं. मग काठी उचलून पलीकडे ठेवली अन् स्वतः थोडे सरकले.

"तूच काय ते? बस वं इथं. अशी उभी राहशील त गुडघे जातीन!"