थोडीशी ठेवलेली गाठ

कान्यशाय किरगिझस्तानातल्या कोचकोर गावच्या शाळेत स्वयंपाक करायची आणि मी तिथेच रशियन शिकवायचे. घरंही शेजारी. तिचा नवरा रशियात बांधकामावर, घरी सासू आणि सात वर्षांची बेगिमाय.

त्या वसंतात बेगिमायची मान एका बाजूला कलू लागली. डावा पाय उंबरठ्याला अडखळायचा. आडवी झाली की पाठ दुखते म्हणून रडायची, मग भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची.

"घोड्यावरून पडली असेल, सांगत नाही कार्टी," सासू म्हणायची. तिला आम्ही सगळेच एने, म्हणजे आजी, म्हणतो.

गावच्या दवाखान्यातून चोळायला मलम मिळालं. कान्यशायने ते मनापासून चोळलं. पण एके दिवशी पोरीच्या हातून चहाचा प्याला निसटला, दुसरा दिला तोही निसटला, तेव्हा मात्र ती माझ्याकडे धावत आली. मला ती एजे, म्हणजे ताई, म्हणते. "एजे, बिश्केकला चला माझ्याबरोबर. शहरातले डॉक्टर रशियन बोलतात, मला निम्मं कळत नाही."

मला सगळं कळेल असं तिला वाटलं होतं. मलाही.

तिथे बेगिमायला त्या मोठ्या नळकांड्यात घालून पाठीचे फोटो काढले. लारिसा पेत्रोव्ना नावाच्या शल्यविशारद होत्या, ठेंगण्या, आवाज बसलेला. म्हणाल्या, "मज्जारज्जूत गाठ आहे."

मी ते किरगिझमध्ये सांगितलं. कान्यशाय म्हणाली, "रज्जूवर आहे ना? मग वरच्या वर काढून टाका."

"वर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आत आहे. दोरीच्या पिळातच वाढली आहे. मागून मणके उघडायचे, दोरी मधोमध उकलायची आणि आतून गाठ काढायची. पोरीच्या हातापायांना तारा लावू. मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचतोय का, ते बघत बघत काढायचं. निरोप मंदावला की थांबायचं."

"आणि नाही काढली तर?"

"आज प्याला सुटतोय. उद्या पाय सुटतील."

एनेला फोनवर सांगितलं तर ती किंचाळली, "दोरी उकलणार? जिवंत पोरीची? कोकरू आहे का ते?" नवरा तिकडून म्हणाला, "तू म्हणशील तसं." यावर कान्यशाय चिडली. "मी काय म्हणू? मला भाजीत मीठ किती ते कळतं!" पण शेवटी होकार तिनेच दिला.

बेगिमाय माझा आणि आईचा हात धरून, अडखळत का होईना, स्वतःच्या पायांनी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत गेली.

लारिसा पेत्रोव्ना बाहेर आल्या त्या थकलेल्या, पण खुशीत. "छान झालं. बहुतेक सगळी निघाली. थोडीशी ठेवली आहे."

मी तसंच सांगितलं. कान्यशाय माझ्याकडे बघत राहिली. "ठेवली? विसरल्या का? एजे, नीट विचारा."

मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मुद्दाम ठेवली होती. तो तुकडा दोरीला इतका चिकटला होता की खरवडला असता तर पाय कायमचा गेला असता.

पण बेगिमाय शुद्धीवर आली तेव्हा डावा पाय हलतच नव्हता.

कान्यशायने मला व्हरांड्यात ओढलं. "चालत गेली ना आत? तुम्ही पाहिलंत ना? मग छान झालं म्हणजे कुणाचं छान झालं?" डॉक्टर म्हणाल्या, दोरीला हात लागलाय, ती भांबावली आहे, बहुधा सावरेल. त्या 'बहुधा'ला किरगिझमध्ये कुठला शब्द वापरावा, यावर मी अडले. 'नक्की' म्हटलं तर खोटं आणि 'कोण जाणे' म्हटलं तर क्रूर.

गाठ तपासून आली. हळूहळू वाढणारी जात, पसरणारी नव्हे. "म्हणजे ती आपली वैरी आहे की नाही?" कान्यशायने विचारलं. "वैरीच, पण आळशी. लक्ष ठेवत राहू," लारिसा पेत्रोव्ना म्हणाल्या. यावर रडावं की हसावं, आम्हां दोघींना सुधरेना.

रोज एक बाई येऊन बेगिमायचा पाय वाकवायची, सरळ करायची. ती गेली की तेच कान्यशाय करायची, कणीक मळावी तशा नेटाने. असं करताना एकदा पोर आईला हाक मारत ओरडली, "आपा, अंगठ्यात मुंग्या!"

आईचं तोंड पांढरं पडलं. आता हे काय नवीन! ती अनवाणीच डॉक्टरांकडे धावली, मी मागे. लारिसा पेत्रोव्नांनी ऐकलं आणि तिला मिठीच मारली. "मुंग्या येऊ देत, बाई! मुंग्या म्हणजे पाय घरी परततोय."

पाय परतला, पण आस्ते आस्ते. आधी अंगठा, मग घोटा, मग काठी घेऊन दोन पावलं. पाठ वाकू नये म्हणून कडक पट्टा बांधून आम्ही घरी आलो. एनेने कणकेचे बोर्सोक तळले, शेजारीपाजारी जमले. "बरी झाली ना?" जो तो विचारी. कान्यशाय एकाला हो म्हणाली, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला म्हणाली, "चहा घ्या."

आता बेगिमाय दहाची आहे. शाळेत जाते, पाय किंचित ओढते, भांडणात कुणाला ऐकत नाही. दरवर्षी फोटो काढायला आम्ही तिघी शहरात जातो. यंदाही डॉक्टर म्हणाल्या, "तुकडा जसाच्या तसा आहे."

परतीच्या गाडीत कान्यशायने पिशवीतून खिम्याचा साम्सा काढला. मग हळूच म्हणाली, "एजे, जसाच्या तसा म्हणजे चांगलंच ना?"

"चांगलंच."

"मग पुढच्या वर्षी परत का जायचं?"

मी समजावू लागले. मध्येच बेगिमायने आईच्या हातातला साम्सा काढून घेतला आणि खिडकीकडे तोंड करून खात बसली.