टँकर गळत नव्हता

आमचे अब्बा, रहिमान मुलाणी, जत तालुक्यात बावीस वर्षं पाण्याचा टँकर चालवतात. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. लोक याला चांगुलपणा म्हणतात. मी त्यांची मुलगी, म्हणून मला खरं ठाऊक आहे. समोर जो उभा असतो त्यालाच त्यांना नाही म्हणता येत नाही. जो समोर नसतो त्याचं काय होतं, ते गेल्या मे महिन्यात मी पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, मीही त्यात होते. सांगताना लाज वाटते, तरी सांगते.

मी, अल्फिया, सांगलीला कॉलेजात इतिहास शिकते. सुट्टीला घरी आले होते आणि त्या दिवशी टँकरमध्ये अब्बांच्या शेजारी बसून कोकरेवस्तीला निघाले होते. ही माळावरची मेंढपाळांची सात घरं. तिथं टँकर तीन दिवसांतून एकदा जातो. वस्तीवरच्या हरणाबाई अब्बांना धाकट्या भावासारखं मानतात. रस्ता खराब म्हणून अब्बा दर वेळी कुरकुरतात, पण जातात.

वाटेत एका मळ्यात जावळाचं जेवण होतं. मांडव घातलेला, दीडशे पाहुणे, आणि बकरं कापायला ठरलेला माणूस ऐनवेळी आलाच नव्हता. टँकर दिसताच चार जण रस्त्यात आडवे आले.

"आवं मुलाणी, देवासारकं आलासा! दोन बकरी हायती, तेवढी उरका."

बकरं हलाल करणं हे गावोगावच्या मुलाण्यांचं पिढीजात काम; अब्बांनी उरकली. रस्सा चुलीवर शिजतोय तोवर मांडवातलं पाणी संपलं. यजमान हात जोडून म्हणाला, "रहिमानभाई, पाव्हण्यांस्नी हात धुवाय पाणी न्हाई. थोडं सोडा की."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलकडे पाहिलं. थोडं म्हणता म्हणता हौद भरला, मग पातेली, पिंपं, आणि शेवटी कुणीतरी आपली बुलेट धुऊन घेतली. टँकर पार रिकामा झाला. आम्हाला मानानं पहिल्या पंगतीला बसवलं. घरी दखनी बोलणारे अब्बा कामावर असले की मराठीत बोलतात. ते म्हणाले, "वस्तीवर आसंल की एक दीस पुरंल एवढं."

"असेल की," मी म्हटलं, आणि रस्सा वाढून घेतला. दोनदा.

घराकडे परत निघालो. पवनचक्क्यांच्या माळावर आलो तेव्हा पावणेचार वाजले होते. तिथं एक वावटळ उठली आणि टँकरसकट आम्हाला तिनं पोटात घेतलं. हे कसं झालं ते मला विचारू नका. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, विज्ञानाची नाही. धुरळा बसला तेव्हा समोर समुद्र होता.

"सांगलीकडं आलो का काय?" अब्बा म्हणाले.

"अब्बा, सांगलीला समुद्र नाही."

"मग नदीला पूर आला आसंल."

"मे महिन्यात?"

किनाऱ्यावर लांबट होड्या लागल्या होत्या, दोन्ही टोकं वर वळलेल्या. त्यातून उतरलेले दाढीवाले धिप्पाड पुरुष कुऱ्हाडी घेऊन आमच्याकडे येत होते. अब्बा एकदम खुलले. "शूटिंग हाय गं! वाईला कायम आसतं. आपल्याकडं कवा आलं?" खिडकीतून डोकं काढून त्यांनी विचारलंसुद्धा, "हिरो कोन हाय?"

एकानं बंपरवर कुऱ्हाड घातली. अब्बांनी घाबरून हॉर्न दाबला. सगळे वाळूत पालथे पडले. थोड्या वेळानं एकानं उठून शिंग तोंडाला लावलं आणि तेवढ्याच जोरात उत्तर दिलं. अब्बांनी पुन्हा हॉर्न दिला. असं पाच-सहा वेळा झाल्यावर ते सगळे हसायला लागले, आणि मग आम्ही खाली उतरलो.

होड्यांवरून मला अंदाज आला होता. हे व्हायकिंग होते आणि आम्ही हजारेक वर्षं मागे, पार उत्तरेला पोचलो होतो. चित्रांत असतात तशी शिंगांची शिरस्त्राणं मी शोधली; एकाच्याही डोक्यावर शिंग नव्हतं. शिंगं होती ती त्यांच्या शेळ्यांना.

"हितं बी शेरडं हायत," अब्बा म्हणाले, आणि त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

मग एक म्हातारी पुढे आली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, म्हणजे घरची मालकीण तीच. तिची माणसं नुकतीच समुद्रावरून आलेली, मिठानं ओठ फुटलेली. लाकडी वाडग्यातून पाणी आलं तसे त्यांनी हात पुढे केले. तिनं हातानंच त्यांना थांबवलं आणि वाडगा आधी आमच्यापुढे धरला. अब्बा प्यायले खरे, पण वाडगा परत देताना त्यांनी त्या फुटलेल्या ओठांकडे बघायचं टाळलं.

म्हातारीनं टँकरच्या टाकीवर थाप मारली, कान लावला. आतून पोकळ आवाज आला. तिनं खुणेनं विचारलं, एवढं मोठं भांडं रिकामं कसं? पाणी कुठं गेलं?

अब्बांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बोटांनी खाली थेंब पडल्यासारखं दाखवलं. गळालं.

मी याही वेळी मोबाईलकडे पाहिलं.

ज्यांचा जीव होडीवर असतो, त्यांना गळती म्हणजे काय ते चांगलं कळतं. अख्खं गाव टँकरखाली शिरलं. लोकर होड्यांना लावायच्या डांबरात बुडवून त्यांनी एकेक सांधा बुजवला, एकेक बोल्ट माखला. उत्साहाच्या भरात नंबरप्लेटही माखली. एक किडकिडीत माणूस भोक शोधत किती वेळ गाडीखाली पालथा होता. शेवटी दाढीभर डांबर घेऊन बाहेर आला आणि अब्बांपुढे मान खाली घालून उभा राहिला. भोक सापडलं नाही म्हणून तोच बिचारा ओशाळला होता.

अब्बांना ते बघवेना. "आरं बाबा, न्हाई गळत त्यो," ते म्हणाले. "म्याच पानी दिलं दुसऱ्याला. ज्यांचं हुतं त्यांस्नी न्हाई दिलं."

मराठीतलं ते त्याला काय कळणार? तो आणखीच वाकला.

"अब्बा, हातानं सांगा," मी म्हटलं.

अब्बांनी दोन्ही हात खिशात घातले. माझे अब्बा मी इतके लहान झालेले कधी पाहिले नव्हते, आणि मला त्यांच्यावर रागावायलाही तोंड नव्हतं.

मग त्या लोकांनी टाकी भरून दिली. डोंगरातल्या झऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत बायका, पोरं, ते दमलेले पुरुष, सगळे रांगेत उभे राहिले आणि लाकडी बादल्या हातोहात खाली येऊ लागल्या. तिथला सूर्यही लवकर मावळेना. मी बादली धरायला गेले तर म्हातारीनं मला दंडाला धरून परत बाकावर बसवलं. आम्ही पाहुणे. आम्ही नुसतं बघायचं. दहा हजार लिटर पाणी बादलीनं भरताना बघत बसण्यापेक्षा कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटची बादली ओतली आणि वावटळ पुन्हा आली. डोळे उघडले तेव्हा पवनचक्क्या फिरत होत्या आणि घड्याळात पावणेचारच होते. टाकी काठोकाठ भरलेली. अब्बांनी गाडी कोकरेवस्तीकडे वळवली.

"हरणाबाईंना खरं सांगणार?" मी विचारलं.

"सांगतो," ते म्हणाले. घाट चढेपर्यंत त्यांनी तीन वेळा घाम पुसला. टँकर आला यातच लोक खूश होणार, हे त्यांना ठाऊक होतं. नाही सांगितलं तरी चालणार होतं, हेही.

वस्तीवर बाया घागरी घेऊन धावल्या. पाणी इतकं थंड होतं की पोरं ओरडायला लागली. हरणाबाई आपली घागर लावून उभ्या होत्या. अब्बा त्यांच्यासमोर गेले आणि टोपी काढून म्हणाले, "आक्का, तुमचं दुपारचं पानी म्या..."

"ठावं हाय," हरणाबाई म्हणाल्या. "वरनं टँकर थांबल्याला दिसला. घरात सून बाळंतीण, पान्याचा थेंब न्हाई. म्हून घागर घिऊन खाली मळ्यात आले हुते."

अब्बांनी विचारलं, "मग हाक का न्हाई मारली, आक्का?"

"तुमी बापलेक पानावर बसला हुता. जेवत्या मानसाला कसं उठवायचं रं?" त्यांनी घागर सरकवली आणि माझ्याकडे बघून हसल्या. "पोर लय भुकेजली हुती. गेले आपली माघारी."