कोणी विचारलं नाही, पण सांगतो

“कोणी विचारलं नाही, पण सांगतो,” असं म्हणत ते माइकची वायर कोपराभोवती गुंडाळायला लागले की आम्ही ओळखायचो, आता एक मत येणार. मत देऊन झालं की वायर सोडून द्यायची. तोवर दुसरं मत तयार असायचं. पुन्हा गुंडाळायची.

जळगाव-धुळ्याकडच्या मातीतल्या मोटरसायकल शर्यती तुम्ही पाहिल्या असतील, तर त्यांचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. नाव कदाचित माहीत नसेल. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. आठवडाभर ते जळगावात पाइपच्या एका कारखान्यात पाळ्या सांभाळायचे आणि दिवाळीनंतर शेतं मोकळी झाली की रविवारी शर्यतींचं समालोचन करायचे. मी एका खासगी दवाखान्यात नर्स. शर्यत असली की आमची अँब्युलन्स मैदानाच्या कडेला उभी राहायची आणि तिच्याबरोबर मी. समालोचनाचा मंच आमच्या शेजारी असायचा, कारण पडलेला माणूस दोघांनाही आधी दिसायला हवा.

पहिल्या शर्यतीला मी तोंडाला रुमाल बांधून, मैदानाकडे पाठ करून बसले होते. ते मंचावरून खाली उतरले.

“सिस्टर, धुळीचा त्रास होतो का?”

“दीपनगरला वाढलेय मी भाऊ. वीजकेंद्राच्या राखेत. धुळीचं काही नाही. पण मी शर्यत बघायला आले नाही, पडणाऱ्यांसाठी आलेय.”

“म्हणजे तुम्ही थेट शेवट बघायला आल्या,” ते म्हणाले. “आधी सुरुवात तर बघा.”

आणि त्यांनी मला किकची शर्यत दाखवली. ती आमच्याकडची खासियत होती. गाड्या बंद करून एका रांगेत लावायच्या, चालकांनी बरंच लांब दोरीमागे उभं राहायचं. झेंडा पडला की धावत यायचं, किक मारायची आणि सुटायचं. गाड्या सगळ्या गावठी. आठवडाभर ज्या गाडीला दुधाचे कॅन लटकायचे, रविवारी तिचेच दिवे आणि आरसे काढून ती मैदानात. पाच किका मारूनही चालू न होणाऱ्या गाडीला शिव्या देणारा माणूस, त्याला हसणारं मैदान, आणि एकदम धूर काढत ती सुटली की त्याच मैदानाची शिट्टी. मी रुमाल सोडून उभी राहिले होते हे मला नंतर कळलं.

भाऊंची मतं अशी: नाशिकची शर्यत ताटात वाढलेली असते, धुळ्याची म्हणजे शेतात तुराट्यांवर भाजलेलं भरीत, तोंडाला राख लागणारच. उंच उड्यांना टाळ्या वाजवणाऱ्याला शर्यत कळत नाही, शर्यत वळणावर असते. बाहेरून परदेशी गाड्या घेऊन येणारे चालक चांगले, पण त्यांना बघून घरी गेल्यावर आठवत काहीच नाही. ज्याच्या गाडीवर बसून आपण एकदा बाजाराला गेलो, तो धावतो तेव्हा आपलाच पाय ब्रेक शोधतो. ते ब्रेक शोधणं म्हणजे शर्यत.

ते एका जागी थांबत नसत. मंचाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, मध्येच खाली, दोरीपर्यंत, परत वर. मंच हलायचा. बोलणं पुस्तकी मराठीत सुरू व्हायचं, आणि गाड्या शेवटच्या फेरीला आल्या की सगळी मराठी गळून पडायची आणि गावाकडची अहिराणी बाहेर यायची. “उना, उना, इरफान उना रे भो!” आला म्हणजे उना. पब्लिकला तेच हवं असायचं.

हा इरफान जळगावचाच. मेहरूणला त्याचं छोटं गॅरेज होतं. किकच्या शर्यतीत त्याला हरवणारा त्या काळात नव्हता. भाऊ त्याचं कौतुक असं करायचे की बाकीचे चालक रुसायचे. “मी पक्षपात करतो,” भाऊ उघड सांगायचे. “कोणी विचारलं नाही, पण करतो.”

इरफान पडला तो जळगावच्याच मैदानावर. त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नव्हता. मातीच्या मैदानावर प्रत्येक शर्यतीआधी पाणी मारावं लागतं, नाहीतर पुढच्या गाडीची धूळ मागच्याच्या डोळ्यांत. आयोजक एक हॉटेलवाले शेठ होते. ते म्हणाले, पब्लिक थांबणार नाही, चालू करा. चालू केलं. दुसऱ्या फेरीला मैदानावर धुळीची पिवळी भिंत उभी राहिली. भाऊ माइकवर सांगत होते, “काय धूळ शे भो, काहीच दिखत नही!” आणि लोक हसत होते, कारण ते भाऊंच्या नेहमीच्या मजेच्या आवाजातच होतं.

धुळीत एक गाडी आडवी झाली होती. मागून आलेल्या इरफानला ती दिसली नाही.

मी आणि ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन पोचलो तेव्हा त्याच्या पायाकडे बघून मी लगेच त्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. तो शुद्धीवर होता. “गाडी बंद करा, पेट्रोल गळतंय,” एवढंच म्हणाला.

भाऊ दवाखान्यात आले ते माइक हातात असल्यासारखी मूठ धरूनच. ऑपरेशन चालू होतं. ते व्हरांड्यात येरझारा घालत राहिले, वॉर्डबॉय दोनदा त्यांना धडकला. बाकावर इरफानची अम्मी बसली होती, बुरख्याची पट्टी वर केलेली, हातात त्याचा एकच बूट. तिने त्यांना थांबवलं.

“भाऊ, तुम्ही वर उभे होते. तुम्हाला बठ्ठं, सगळं दिसत होतं. सांगा, चूक कोणाची?”

ज्या माणसाने मला कधी न विचारता भेंडीच्या भाजीपासून सरकारपर्यंत सगळ्यावर मत ऐकवलं होतं, त्याला पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं. भाऊंनी तोंड उघडलं. मग ते भिंतीला टेकले. अम्मीने पुन्हा विचारलं नाही. ती बूट पुसत बसली.

पाय वाचला. आत रॉड बसला. भाऊ रोज कारखान्यातून सुटले की दवाखान्यात यायचे, इरफानला डबा द्यायचे आणि शर्यतीबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. आम्हा नर्सेसना ते बघवत नव्हतं. एकदा मीच म्हटलं, “भाऊ, आज एखादं मत?” ते म्हणाले, “मत माझ्याकडे तेव्हाही होतं, सिस्टर. मी त्याचा विनोद करून सांगितलं.”

मग आली धुळ्याची मोठी शर्यत. आमच्याकडे सगळं वर्ष त्या एका दिवसाकडे बघत काढायची पद्धत. सुरत महामार्गाच्या कडेचा माळ माणसांनी भरला होता. पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, फायनलपर्यंत उन्हं तिरपी झाली. टँकर पाणी भरायला गेला होता. आयोजक तेच शेठ. त्यांनी मंचाकडे बोट करून खूण केली, सुरू करा.

भाऊ माइकवर म्हणाले, “पाणी मारल्याशिवाय फायनल होणार नाही.”

लोकांना वाटलं, गंमत. ते हसले. भाऊ म्हणाले, “हसू नका. मी गंमत करत नाही. मागच्या वेळी मी गंमत केली.”

शेठ मंचावर चढले. “तुम्हाला बोलायला बोलावलंय, ठरवायला नाही.”

“बरोबर,” भाऊ म्हणाले. माइक त्यांच्या हातात दिला, पायऱ्या उतरले, चालत गेले आणि गाड्यांच्या रांगेपुढे मातीत मांडी घालून बसले. कारखान्याचा निळा शर्ट, डोक्याला रुमाल. समोर इंजिनं गुरगुरत होती.

पब्लिक आधी ओरडलं, मग पाण्याच्या बाटल्या आल्या. एक त्यांच्या खांद्याला लागली. मी आमच्या गाडीतून पेटी काढून निघाले तर त्यांनी हाताने थांबा म्हणून सांगितलं. पोलीस आले, त्यांना काखेत धरून उठवलं, बाजूला नेलं. ते परत गेले. पुन्हा नेलं. या ओढाताणीत टँकर आला, पण तोवर सूर्य माळाच्या पलीकडे टेकला होता आणि वळणं दिसेनाशी झाली होती. फायनल रद्द झाली. लोक शिव्या देत निघाले. त्या शिव्या शेठच्या वाट्याला आल्या नाहीत.

मला वाटत होतं, निदान इरफान तरी खूश होईल. तो कुबडी घेऊन गॅरेजच्या दारात बसला होता. भाऊ गेले तेव्हा मीही सोबत होते, त्याच्या पायाची पट्टी बघायला.

“भाऊ, हे तुम्ही काय केलं?” तो म्हणाला. “वर्षभर पोरं त्या फायनलसाठी गाड्या बांधतात. माझ्या पायासाठी तुम्ही माझीच शर्यत बंद पाडली?”

भाऊंना हे अपेक्षित नव्हतं. ते गॅरेजमध्ये एक फेरी मारून आले. पाना उचलला, ठेवला.

“तुझं बरोबर आहे,” ते म्हणाले. “माझंही बरोबर आहे.”

“दोन्ही कसं बरोबर असेल?”

“ते मला अजून समजलं नाही.”

मग दोघं चहा प्यायले. अम्मीने आतून चहा पाठवला होता, त्यात भाऊंच्या कपाला बशी होती, आम्हाला नव्हती.

त्यानंतर भाऊंना कुठेच बोलावणं आलं नाही. पुण्याचा एक तरुण समालोचक यायला लागला. आवाज चांगला, मागे संगीत. किकची शर्यत बंद झाली, त्यात वेळ जातो म्हणून. भाऊ तरी यायचे. दोरीला धरून या वळणाकडून त्या वळणाकडे चालत राहायचे आणि माइकशिवाय बोलायचे. आजूबाजूचे दहा-वीस जण त्यांच्याबरोबर सरकायचे. मोठ्या भोंग्यातून एक शर्यत ऐकू यायची आणि दोरीजवळ दुसरीच चालू असायची. माझ्या मते दोरीजवळची खरी होती. हे मलाही कोणी विचारलेलं नाही.

इरफान परत धावला. घरच्यांनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी नको म्हटलं. भाऊंनी हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. त्याच्या पहिल्या शर्यतीला ते आमच्या अँब्युलन्सच्या दारात येऊन उभे राहिले, पूर्ण वेळ दाराच्या हँडलला धरून. इरफान चौथा आला. पायावर जोर येत नव्हता. गाडी उभी करून तो लंगडत आमच्याकडे आला आणि भाऊंना म्हणाला, “बोला ना काहीतरी.”

“वळणावर आत जागा होती. तू घाबरला.”

“घाबरलोच.”

“मग घाबर थोडा. चौथा नंबर वाईट नाही.”

निवृत्त झाल्यावर भाऊ सुरतला मुलीकडे गेले. आमच्याकडची अर्धी माणसं शेवटी सुरतलाच जातात. तिथे सातव्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, खाली बाग. “सिस्टर, इथे माती कुंडीत मिळते,” असं फोनवर म्हणाले. लिफ्ट सोडून दिवसातून कितीदा तरी जिन्याने वर-खाली करतात, अशी मुलीची तक्रार होती.

मागच्या हिवाळ्यात धुळ्याच्या शर्यतीच्या दिवशी त्यांचा फोन आला. फायनल सुरू होणार होती.

“काही सांगू नका,” ते म्हणाले. “फोन फक्त बाहेर धरा.”

मी अँब्युलन्सच्या पायरीवर उभी राहून फोन मैदानाकडे धरला. गाड्या गेल्या, आल्या, गेल्या. भोंगे, शिट्ट्या, संगीत. पहिला आला, दुसरा आला, लोक दोरी ओलांडून आत धावले, नवा समालोचक विजेत्याचं नाव घ्यायला लागला. हात दुखायला लागला म्हणून मी फोन कानाला लावला.

“झाली भाऊ. संपली.”

“बोलू नका,” ते हळू आवाजात म्हणाले. “अजून एक गाडी राहिली शे.”

मी मैदानाकडे पाहिलं. लांबच्या वळणावर, गर्दीने पाठ फिरवलेल्या बाजूला, एक जुनी गावठी गाडी खोकत खोकत येत होती. चालकाला बहुतेक माहीतही नव्हतं की शर्यत संपली. तो खांदे वाकवून, पूर्ण जोर लावून, वळण घेत होता.

मी फोन पुन्हा बाहेर धरला आणि ती गाडी रेषेवरून जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.