कमळाला कशानं आणायचं

नानाजी भोयर प्रवासाला निघायचे म्हटलं की रुखमाबाईच्या डोक्यात तिडीक जायची. गडचिरोलीच्या बाजारात नानाजी धानाचे मापारी होते. पायली मोजताना मुठीचाही फरक पडू द्यायचे नाहीत. पण कुठं जायचं निघालं की हा माणूस असा काथ्याकूट सुरू करायचा की त्याला शेंडा ना बुडखा. सख्ख्या भावाच्या लग्नाला ते पोचले तेव्हा लोक मांडव सोडत होते.

छप्पन सालच्या मार्गशीर्षात प्रश्न लेकीचा होता. कमळा चांद्याला दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि लेकीला आणायचं ते सातव्यात. आठव्यात पोटुशी बाई हलवत नाहीत, नवव्यात एवढ्या लांबून आणायची कोणाची छाती होत नाही. ‘शनिवारपर्यंत घेऊन जावे’ असं जावयाचं कार्ड आलं तेव्हा हाताशी बारा दिवस होते. कमळाची सासू गुणाबाई तिला अजून पहाटे जात्यावर बसवते, हे रुखमाबाईला ठाऊक होतं. लेकीनं घरी येऊन दोन महिने निवांत निजावं, एवढंच तिला हवं होतं.

नानाजी चौकशीला लागले. नदीपलीकडून मोटर सरळ चांद्याला जाते, पण दणके बसतील. बैलबंडीत तणस अंथरून आणावं, तर दोन मुक्काम आणि वर जंगलातली थंडी. मूल गावापर्यंत छोट्या रेल्वेनं आणावं, तर पुढं मोटर नाही तर बंडी आहेच. मास्तरांना विचारून झालं, पोस्टमनला विचारून झालं, मोटरच्या क्लीनरला चहा पाजून झाला. रोज संध्याकाळी निकाल लागायचा आणि सकाळी तो रद्द व्हायचा. आठव्या दिवशी पाऊस लागला, हिवाळ्यातला, किरकिरा, तो तीन दिवस हटेना.

"पाह्य, निंगालो नाई थे बरंच झालं," नानाजी म्हणाले, आणि रुखमाबाईनं हातातली परात आपटली.

त्यांची भीती तिला कळत नव्हती असं नाही. वीस वर्षांपूर्वी त्यांनी तिला घाईघाईनं, भरल्या दिवसांत, बंडीत बसवलं होतं. नाल्यात बंडी कलंडली आणि पहिलं मूल गेलं. तेव्हापासून नानाजी कशातच पटकन चढले नाहीत. पण ते मूल तिचंही होतं. तीच भीती घेऊन तीही जगत होती, तरी घरात चूल वेळेवर पेटत होती.

शनिवारी पहाटे तिनं बोचकं बांधलं. "मी चालली. तुमाले याचं असन त या."

नानाजी मुकाट्यानं मागोमाग आले. वैनगंगेवर पूल नव्हता. डोंग्यानं पलीकडे व्याहाडला जायचं आणि तिथून मोटर धरायची. नदीवर धुकं इतकं की डोंग्याचं दुसरं टोक दिसेना. डोंगेवाला लटारू ढीवर बांबू घेऊन तयारच होता. नानाजींनी त्याला गाठलं.

"पाणी किती हाय गा?"

"छातीभर. बसा नानाजी."

"धुकं जाऊ दे ना मंग."

"मी डोळे मिटून नेतो. बसा."

"थो बाजूचा डोंगा याच्याहून मोठा नाई का?"

डोंग्याच्या लांबीरुंदीत अर्धा तास गेला. तेवढ्यात पलीकडून मोटरचा भोंगा ऐकू आला, एकदा, दोनदा. मग इंजिनाचा आवाज लांब लांब जात बंद झाला.

"गेली," लटारू म्हणाला.

"मोटरचा भरोसाच नसते," नानाजी म्हणाले.

रुखमाबाई डोंग्यात चढली. "चाल भाऊ. ह्यायले इथीच राहू दे."

व्याहाडला तिला मूलकडे जाणारी धानाची बंडी मिळाली. पोत्यांवर कुडकुडत ती मूलला पोचली आणि दुसऱ्या दिवशी जन्मात पहिल्यांदा रेल्वेत बसली, तीही एकटी. रविवारी दुपारी चांद्याला आली तेव्हा कमळा ओसरीवर बसली होती. तिचं बोचकं आठ दिवसांपासून बांधून ठेवलेलं होतं.

"काल सरला सातवा," गुणाबाई दारातूनच म्हणाली. "आता मी पाठवत नाई. काई झालं त लोक मले बोलतीन."

तिचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच रुखमाबाईला जास्त राग आला.

"बाबा कुठी हायेत?" कमळानं विचारलं.

रुखमाबाई विहिणीकडे वळली. तिनं पदर खोचला. "मंग मीच इथी राहीन, विहीणबाई. बाळंतपण होईस्तोवर."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न आईबापानं खाऊ नये, ही रीत गुणाबाईनं लगेच ऐकवली.

"वाढा," रुखमाबाई म्हणाली. "थे पाप माह्यावर."

दुसऱ्या पहाटेपासून जात्यावर ती बसू लागली आणि कमळा उन्हं येईपर्यंत निजू लागली.

पाचव्या दिवशी नानाजी आले. मोटरनं, सरळ. रुखमाबाई दळत होती. ते तिच्याजवळ उकिडवे बसले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"दणके बसतच नाई व," ते म्हणाले. "रस्ता चांगला हाय. पोरीले आरामात नेता आलं असतं."

जातं थांबलं. रुखमाबाईनं हातावरचं पीठ झटकलं.

"थे आतमंदी जाऊन तिले सांगा."

नानाजी उठले, आतल्या दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.